मुंबई–चेन्नई : अंतर एक, वेळा अनेक

पदोन्नतीबरोबर बदलीचा आदेश हाती पडला आणि त्यावर 'चेन्नई' असे वाचले, तेव्हा डोंबिवलीच्या घरात क्षणभर शांतता पसरली. ती बाबांनीच मोडली. आयुष्यभर एका गिरणीत हिशेबनीस म्हणून काम केलेले बाबा म्हणाले, "अरे, त्यात काय एवढे? विमानाने दोन तास लागतात. बोरिवलीहून कुलाब्याला जाऊन येणाऱ्याला याहून जास्त वेळ लागतो." आईलाही ते पटले. पुढची दोन वर्षे आमच्या घरात 'चेन्नई दोन तासांवर आहे' हे वाक्य सिद्धान्तासारखे वापरले गेले.

त्या सिद्धान्ताची परीक्षा एका जुलै महिन्यात झाली. रात्री दहा वाजता आईचा दूरध्वनी आला. बाबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया तातडीने करावी लागणार होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची वेळ ठरली होती. मी पहाटे सहा वाजून पाच मिनिटांच्या विमानाचे तिकीट काढले. आठला मुंबई, तेथून तासाभरात रुग्णालय, म्हणजे नऊ. बाबांना आत नेण्यापूर्वी एक तास हाताशी राहील, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात मी अकरा वाजून दहा मिनिटांनी पोहोचलो. शस्त्रक्रिया सुरू होऊन सत्तर मिनिटे झाली होती.

या प्रसंगात कोणाचाही दोष नव्हता. चूक माझ्या हिशेबाची होती. बँकेत बसून मी ग्राहकांना रोज सांगत असतो की, व्याजाचा घोषित दर आणि प्रत्यक्ष हाती येणारा परतावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकिटावर छापलेली वेळ आणि प्रत्यक्ष प्रवासाची वेळ यांच्यातही तोच फरक असतो, हे मात्र मी विसरलो होतो. त्यानंतर दोन शहरांमधील हवाई अंतर व उड्डाणाची वेळ नेमकी कशी ठरते, हे मी कुतूहलाने समजून घेतले. आपल्यापैकी अनेक वाचकांची मुले, भावंडे, आई-वडील आज दूरच्या शहरी आहेत. त्यांना उपयोगी पडेल म्हणून हा हिशेब येथे मांडत आहे.

अंतर म्हणजे कोणते अंतर?

मुंबईहून चेन्नई किती दूर, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पुणे, सोलापूर, वाडी, रायचूर, गुंटकल, रेणिगुंटा या मार्गाने जाणाऱ्या रेल्वेला सुमारे १,२८० किलोमीटर धावावे लागते. रस्त्याने गेल्यास अंतर तेराशे किलोमीटरांच्या वर जाते. विमानासाठी मात्र हेच अंतर साधारण १,०३३ किलोमीटर आहे. लोहमार्ग व रस्ते घाट, नद्या आणि वाटेतील गावे पाहून वळतात. विमानाच्या वाटेत ते अडथळे नाहीत.

हवाई अंतराचा आकडा कोणत्याही वाचकाला कागदावर काढता येईल. मुंबईचा विमानतळ उत्तर अक्षांश १९.०९ व पूर्व रेखांश ७२.८७ अंशांवर आहे, तर चेन्नईचा १२.९९ व ८०.१७ अंशांवर. अक्षांशांतील फरक ६.१ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून दक्षिणेकडे आपण सुमारे ६७८ किलोमीटर उतरतो. रेखांशांतील फरक ७.३ अंश. रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे एकमेकींजवळ येतात, त्यामुळे आपल्या पट्ट्यात एका अंशाचे अंतर थोडे कमी, साधारण १०७ किलोमीटर भरते. म्हणजे पूर्वेकडे आपण सुमारे ७८० किलोमीटर सरकतो. आता शाळेत शिकलेला काटकोन त्रिकोणाचा नियम लावला, की कर्ण येतो सुमारे १,०३३ किलोमीटर. वैमानिक हेच अंतर ५५८ नॉटिकल मैल असे सांगतील. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग साधारणपणे एक नॉटिकल मैल होतो. त्याचे ठरवून दिलेले मूल्य १,८५२ मीटर आहे.

एवढ्या अंतरापुरती ही सोपी रीत चालते. अंतर फार मोठे असले, तर पृथ्वीचा गोलावा विचारात घ्यावा लागतो. गोलावरील दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग 'महावृत्ता'वरून जातो. पृथ्वीच्या मध्यातून कापल्यावर जी कड मिळेल, ती महावृत्त. म्हणूनच मुंबईहून न्यूयॉर्कला जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग नकाशावर सरळ पश्चिमेकडे न जाता उत्तरेकडे कमान घेतलेला दिसतो.

अंतर मोजण्याच्या या विद्येचे चेन्नईशी जुने नाते आहे. चेन्नईच्या विमानतळाजवळ सेंट थॉमस माउंट नावाची टेकडी आहे. तमिळ भाषक तिला परंगिमलै म्हणतात. विल्यम लॅम्टन यांनी १० एप्रिल १८०२ रोजी या टेकडीच्या परिसरात पोलादी साखळीने साडेसात मैलांची एक सरळ रेषा मोजण्यास आरंभ केला. त्या एका पायारेषेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचत पुढे संपूर्ण भारताचे मोजमाप झाले आणि ते काम हिमालयापर्यंत पोहोचले. इंच न् इंच अंतर मोजणारी साखळी जेथे अंथरली गेली, त्याच परिसरावरून आज विमाने ताशी शेकडो किलोमीटर वेगाने उतरतात.

दोन दिवसांपासून दोन तासांपर्यंत

मराठी माणसाला हा पल्ला नवा नाही. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या मोहिमेत छत्रपती शिवाजी महाराजांनी जिंजीचा किल्ला जिंकला. त्या काळी एवढी मजल मारण्यास महिने लागत. १८७१ मध्ये मुंबईकडून येणारा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग आणि मद्रासकडून येणारा मद्रास रेल्वेचा मार्ग रायचूर येथे एकमेकांस मिळाले. तेव्हापासून हा प्रवास दिवसांत मोजता येऊ लागला.

भारताच्या हवाई टपालाच्या इतिहासाचे एक पानही याच मार्गावर लिहिले गेले आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा 'पस मॉथ' जातीच्या लहानशा एक-इंजिनी विमानाने टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर उतरले, हे अनेकांना ठाऊक आहे. ते टपाल तेथे थांबणार नव्हते. पुढचा टप्पा मद्रासचा होता. तो त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पार पाडला. वाटेत बल्लारी येथे रात्रीचा मुक्काम करून ते दुसऱ्या दिवशी मद्रासला पोहोचले.

बल्लारीच का, याचे उत्तर वरील गणितात मिळते. मुंबई ते बल्लारी सुमारे ६१५ आणि बल्लारी ते मद्रास सुमारे ४२४ किलोमीटर. बेरीज १,०३९. थेट अंतरापेक्षा जेमतेम सहा किलोमीटर अधिक! बल्लारी हे गाव जवळजवळ सरळ रेषेवरच आहे. पस मॉथचा वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर होता. म्हणजे हवेत साधारण साडेसहा तास लागणार. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. लेखाच्या शेवटी त्याची पुन्हा गाठ पडेल.

त्या काळातील आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जुहूची धावपट्टी पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून टाटांच्या विमानसेवेला आपला मुक्काम पावसाळ्यापुरता पुण्याला हलवावा लागे. मुंबईचा पाऊस विमानाच्या वेळापत्रकाला तेव्हापासून जुमानत नाही.

एका देशात दोन घड्याळे

अंतरानंतर वेळ. पण वेळ मोजायची कोणत्या घड्याळाने? आज मुंबई व चेन्नई येथे एकच भारतीय प्रमाणवेळ आहे, म्हणून निघण्याच्या वेळेतून पोहोचण्याच्या वेळेपर्यंतचा हिशेब सरळ करता येतो. व्हिन्सेंट यांच्या काळी तसे नव्हते.

पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. मुंबई व चेन्नई यांच्या रेखांशांत ७.३ अंशांचा फरक असल्याने चेन्नईचा मध्यान्ह मुंबईच्या सुमारे २९ मिनिटे आधी होतो. पूर्वी प्रत्येक मोठे शहर आपापल्या सूर्यानुसार घड्याळ लावी. मद्रासमध्ये १७९२ पासून वेधशाळा होती. तेथील 'मद्रास टाइम' रेल्वेनेही स्वीकारली होती. १ जानेवारी १९०६ पासून संपूर्ण देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली, मात्र मुंबईकरांनी आपला 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत टिकवून धरला. तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होता. म्हणजे १९३२ मध्ये मुंबईच्या स्थानिक घड्याळात सकाळचे दहा वाजले असता मद्रासच्या घड्याळात दहा वाजून एकोणचाळीस मिनिटे झालेली असत.

हा इतिहास झाला. परदेशी प्रवासात मात्र हा प्रश्न आजही उभा राहतो. तिकिटावरील दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. समजा, एखादे विमान चेन्नईहून रात्री ११ वाजता निघून सिंगापूरला पहाटे ५.४५ वाजता पोहोचते, असे तिकिटावर आहे. वरवर पाहता ६ तास ४५ मिनिटे होतात. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. ते वजा केल्यावर खरा प्रवास सव्वाचार तासांचा उरतो. मुलांना भेटण्यासाठी प्रथमच परदेशी निघालेल्या ज्येष्ठ ग्राहकांनी औषधांच्या वेळा ठरवताना ही वजाबाकी अवश्य करावी.

तिकिटावरील वेळ कशाची?

मुंबई–चेन्नई विमानाच्या तिकिटावर साधारण १ तास ५० मिनिटे ते २ तास एवढा कालावधी दिसतो. आधुनिक जेट विमानाचा वेग ताशी सुमारे ८३० किलोमीटर धरला, तर १,०३३ किलोमीटरांना ७५ मिनिटेच लागावीत. उरलेली पाऊण तासाची वेळ कोठे जाते?

पहिली गोष्ट अशी की, तिकिटावर छापलेली वेळ हवेतली नसते. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी उभे राहीपर्यंतची ती वेळ असते. विमान व्यवसायात तिला 'ब्लॉक टाइम' म्हणतात. धावपट्टीपर्यंत हळूहळू जाणे, रांगेत थांबणे, उतरल्यावर पुन्हा जागेपर्यंत येणे, हे सारे तीत धरलेले असते. त्यातच पंधरा-वीस मिनिटे सहज जातात.

दुसरी गोष्ट, विमान ताशी ८३० किलोमीटरचा वेग उड्डाणाच्या मधल्या भागातच गाठते. दहा-अकरा किलोमीटर उंची गाठण्यास सुमारे वीस मिनिटे आणि खाली येण्यास त्याहून थोडी अधिक लागतात. त्या काळात वेग कमी असतो. दीड-दोन तासांच्या प्रवासात या चढ-उताराचा वाटा मोठा असतो. म्हणूनच अंतर निम्मे झाले तरी वेळ निम्मी होत नाही. कर्ज लहान असो वा मोठे, प्रक्रिया शुल्क जवळपास तेच राहावे, तसा हा प्रकार आहे.

तिसरी गोष्ट, आकाशातही ठरलेले रस्ते आहेत. विमान नेमून दिलेल्या बिंदूंवरून जाते. उड्डाण वाऱ्याच्या दिशेने तोंड करून करावे लागते, म्हणून कधी चेन्नईला जाणारे विमान आधी समुद्राकडे झेपावते आणि मग वळते. काही वेळा रस्ता बंदही होतो. २०१९ च्या फेब्रुवारीअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे हवाई क्षेत्र बंद होते, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेस जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा घ्यावा लागला. शहरांमधील अंतर तेवढेच होते, प्रवासाची वेळ मात्र वाढली.

चौथी गोष्ट पैशाची. वेगाने उडाल्यास इंधन अधिक जळते. सावकाश उडाल्यास इंधन वाचते, पण कर्मचाऱ्यांचे वेतन व देखभालीचा खर्च तासागणिक वाढतो. या दोन खर्चांचे गुणोत्तर मांडून विमान कंपन्या वेग ठरवतात. त्यास 'कॉस्ट इंडेक्स' असे नाव आहे. शिवाय विमान वेळेवर पोहोचल्याची नोंद राहावी, म्हणून वेळापत्रकात काही मिनिटे राखीव धरली जातात. आपले विमान कधी कधी 'वेळेच्या पंधरा मिनिटे आधी' पोहोचते, त्यामागे बहुधा ही राखीव मिनिटे असतात.

वाऱ्याचे जमा-नावे

एकाच मार्गावर जाताना व येताना वेळ वेगळी का लागते, असे अनेक जण विचारतात. त्याचे उत्तर वाऱ्यात आहे. विमान हवेच्या प्रवाहात उडते, म्हणून प्रवाह अनुकूल असेल तर जमिनीवरील वेग वाढतो आणि प्रतिकूल असेल तर घटतो.

आपल्या मार्गावरचा वारा ऋतूप्रमाणे दिशा बदलतो. हिवाळ्यात उंचावरील वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात. पावसाळ्यात मात्र दक्षिण भारतावर उंच थरांत पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा एक जोरदार प्रवाह तयार होतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये या पूर्वेकडील जेट प्रवाहाचे शास्त्रीय वर्णन केले. त्याचा गाभा विमानांच्या उंचीच्याही वर, चौदा-पंधरा किलोमीटरांवर आणि साधारणपणे चेन्नईच्या अक्षांशाच्या आसपास असतो. त्याचा परिणाम खालच्या थरांतही जाणवतो.

समजा, विमानाच्या मार्गावर या वाऱ्याचा वाटा ताशी ७० किलोमीटर आहे. चढ-उतार बाजूला ठेवून केवळ वेगाचा विचार केला, तर मुंबईहून चेन्नईला जाताना ८३० ऐवजी ७६० किलोमीटर वेग मिळेल व सुमारे ८२ मिनिटे लागतील. परतताना वेग ९०० होईल व ६९ मिनिटे पुरतील. तेच विमान, तेच अंतर, आणि फरक तेरा मिनिटांचा.

त्या जुलैच्या पहाटे हा वारा माझ्या बाजूने होता. त्याने काही मिनिटे माझ्या खात्यात निश्चित जमा केली असणार. पण मुंबईवर धो-धो पाऊस होता. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, परंतु त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींचा स्वतंत्रपणे एकाच वेळी वापर करता येत नाही. दृश्यमानता घटली की विमानांमधील अंतर वाढवावे लागते आणि उतरू पाहणारी विमाने आकाशात रांग लावतात. ही रांग म्हणजे लंबगोल घिरट्या. एका घिरटीस साधारण चार मिनिटे लागतात. आमच्या विमानाने अशा सात घिरट्या घातल्या. मी खिडकीतून ढगांकडे आणि मनगटावरील घड्याळाकडे आळीपाळीने पाहत होतो. वाऱ्याने दिलेले सारे पावसाने व्याजासह वसूल केले. तेथे माझी चिडचिड झाली खरी, परंतु अशा प्रसंगासाठी जादा इंधन बाळगूनच विमानाने निघावे, असा नियम आहे. त्या घिरट्या सुरक्षिततेचाच एक भाग होत्या, हे आता कळते.

सात तासांचा ताळेबंद

त्या दिवसाचा हिशेब मी नंतर वहीत मांडला. तो असा :

नंगनल्लूर येथील घर ते चेन्नई विमानतळ – २५ मिनिटे.
विमानतळावर तपासणी, प्रतीक्षा व विमान हलेपर्यंत – १ तास ५५ मिनिटे.
जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर उभे राहीपर्यंत – २ तास ३५ मिनिटे.
सामान घेऊन बाहेर येणे – २५ मिनिटे.
विमानतळ ते डोंबिवलीतील रुग्णालय – १ तास ५० मिनिटे.
एकूण – ७ तास १० मिनिटे.

यातील प्रत्यक्ष हवेतली वेळ २ तास ५ मिनिटे, म्हणजे एकूण प्रवासाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. १९३२ च्या पस मॉथला हाच पल्ला हवेत साडेसहा तासांचा होता. आमचे विमान त्याच्या पाचपट वेगाचे होते, पण घराच्या दारापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत मला त्याहूनही अधिक वेळ लागला. विज्ञानाने आकाशातली वेळ कमी केली. जमिनीवरची वेळ मात्र आपल्या नियोजनावर सोडलेली आहे.

या अनुभवातून काही गोष्टी वाचकांना सुचवाव्याशा वाटतात.

एक, तिकिटावरील कालावधीत किमान चार तास मिळवावेत. देशांतर्गत प्रवासात बहुतेक कंपन्यांची नोंदणी खिडकी उड्डाणापूर्वी ६० मिनिटे बंद होते, हे लक्षात ठेवूनच घरून निघावे. जवळ केवळ हातातले सामान असेल, तर शेवटची वीस-पंचवीस मिनिटे वाचतात.

दोन, विमानतळ नीट वाचावा. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. आता मुंबईच्या प्रवासात विमान कोणत्या विमानतळावर उतरणार, हे तिकिटावर पाहून घेणे आवश्यक आहे. पनवेलच्या माणसाला एक सोयीचा, तर बोरिवलीच्या माणसाला दुसरा. चेन्नईत २०१६ पासून मेट्रो थेट विमानतळापर्यंत येते आणि समोरच तिरुसुलम हे उपनगरी रेल्वेचे स्थानक आहे. रस्त्यावरील कोंडीच्या वेळी या दोन्हींचा उपयोग करावा.

तीन, पावसाळा दोन्हीकडे वेगळा असतो. मुंबईत जून ते सप्टेंबर, तर चेन्नईत मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर. डिसेंबर २०१५ च्या महापुरात चेन्नईचा विमानतळ काही दिवस बंद ठेवावा लागला होता आणि प्रवाशांसाठी अरक्कोणम येथील नौदलाच्या तळावरून विमाने सोडण्यात आली होती. डिसेंबर २०२३ मध्ये 'मिचाँग' चक्रीवादळाच्या वेळीही विमानतळ बंद झाला. लग्नकार्य, परीक्षा, शस्त्रक्रिया अशी न चुकवता येणारी वेळ असेल, तर त्या महिन्यांत आदल्या दिवशीच पोहोचावे.

चार, 'ब्लॉक टाइम' आपल्या हक्काशीही जोडलेला आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१६ साली सुधारलेल्या तरतुदींनुसार, वेळेत पूर्वसूचना न देता व कंपनीच्या आवाक्यातील कारणाने उड्डाण रद्द झाल्यास भरपाईची कमाल मर्यादा या वेळेवरून ठरते. ब्लॉक टाइम एक तासापर्यंत असल्यास ५,००० रुपये, एक ते दोन तासांपर्यंत ७,५०० रुपये आणि दोन तासांहून अधिक असल्यास १०,००० रुपये. यापेक्षा मूळ भाडे व इंधन आकार यांची बेरीज कमी असेल, तर ती कमी रक्कम मिळते. हवामानासारख्या कारणांना ही भरपाई लागू नाही. मुंबई–चेन्नई मार्गावर एखादे उड्डाण १ तास ५५ मिनिटांचे, तर दुसरे २ तास ५ मिनिटांचे असू शकते. दहा मिनिटांच्या फरकाने मर्यादा बदलते, म्हणून तिकीट जपून ठेवावे.

पैशाचे अंतर, माणसाचे अंतर

आपल्या व्यवसायात अंतर कसे नाहीसे होत गेले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. एके काळी मुंबईचा धनादेश चेन्नईत भरला, तर तो कागद प्रत्यक्ष प्रवास करून मुंबईस जाई आणि ग्राहक दिवस मोजत बसे. धनादेशाऐवजी त्याची प्रतिमा पाठविण्याची पद्धत चेन्नईत सप्टेंबर २०११ मध्ये आणि मुंबईत एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाली. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी सेवा दिवसरात्र उपलब्ध झाली. त्या जुलैच्या रात्री रुग्णालयाची अनामत रक्कम मी चेन्नईच्या घरात बसून भरली. ती क्षणात पोहोचली. मला मात्र सात तास लागले.

बाबांची शस्त्रक्रिया यशस्वी झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना बोलण्याची परवानगी मिळाली, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तू किती वाजता पोचलास?" मी खरी वेळ सांगितली. ते थोडे थांबले आणि म्हणाले, "म्हणजे आपला दोघांचाही हिशेब चुकला."

तेव्हापासून आमच्या घरात चेन्नई सात तासांवर आहे. बाबांच्या तपासणीची तारीख ठरली की आई चार दिवस आधी कळवते आणि मी आदल्या संध्याकाळी डोंबिवलीस पोहोचतो. मुंबई–चेन्नई अंतर पूर्वीही १,०३३ किलोमीटर होते आणि पुढेही तेवढेच राहणार आहे. ते कमी करणे आपल्या हाती नाही. ते ओलांडण्यास लागणाऱ्या वेळेचा खरा हिशेब आधी मांडणे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे. आपल्या माणसांची गाव-शहरे कितीही दूर असोत, वाचकांनी तो हिशेब एकदा कागदावर अवश्य करून ठेवावा.